उंबरठ्यावरची गायिका : सिस्टर रोझेटा थार्प

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात नॉर्थवुड नावाची एक दफनभूमी आहे. १९७३ सालच्या ऑक्टोबर महिन्यात तेथे एका गायिकेला मूठमाती देण्यात आली. हिच्याच लग्नाचा सोहळा पाहण्यासाठी बावीस वर्षांपूर्वी वॉशिंग्टनच्या एका क्रीडांगणावर सुमारे वीस हजार माणसे तिकिटे काढून जमली होती. परंतु तिच्या थडग्यावर नावाचा साधा दगडही बसला नाही; तो बसावयास पुढे पस्तीसएक वर्षे जावी लागली. या गायिकेचे नाव सिस्टर रोझेटा थार्प. ती कोण होती, तिने काय केले आणि एवढी गाजलेली बाई विस्मृतीत कशी गेली, हे आज थोडक्यात सांगावयाचे आहे.

विजेची गिटार गळ्यात अडकवून रंगमंचाच्या अग्रभागी उभा राहणारा आणि गाता गाता मध्येच तारा झणकारून श्रोत्यांना वेड लावणारा तरुण, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील लोकसंगीताचे जणू बोधचिन्हच होऊन बसले आहे. रॉक अँड रोल म्हटले की एल्विस प्रेस्ली, चक बेरी, लिटल रिचर्ड ही नावे आठवतात. ही मंडळी प्रसिद्धीस आली ती १९५० नंतर. त्यापूर्वी दहा-बारा वर्षे, अगदी याच थाटाने, एक कृष्णवर्णीय स्त्री न्यूयॉर्कच्या नाइट क्लबांत गात होती. आणि ती गात होती ती प्रेमगीते नव्हेत, तर देवाची गाणी. तिच्या कर्तृत्वाचे रहस्य या विसंगतीत आहे आणि तिच्या दुर्दैवाचे कारणही तेथेच आहे.

रोझेटाचा जन्म २० मार्च १९१५ रोजी आर्कान्सा राज्यातील कॉटन प्लँट या गावी झाला. गावाच्या नावातच कापूस आहे, आणि तेथील कृष्णवर्णीयांचे जिणेही कापसाच्या शेतांशीच बांधलेले होते. तिची आई केटी बेल न्यूबिन ही धर्मोपदेशिका होती. ती गात असे आणि मँडोलिन वाजवीत असे. ज्या पंथाची ती अनुयायी होती, त्या 'चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट' या पंथात उपासना म्हणजे मुकाट्याने गुडघे टेकणे नव्हे. टाळ्या, पायांचा ठेका, डफ, तंतुवाद्ये, आणि अंगात संचार झाल्याप्रमाणे नाचणे, या सर्वांना तेथे मुक्तद्वार होते. इतर अनेक प्रतिष्ठित ख्रिस्ती पंथांना जो गलका वाटे, ती यांची प्रार्थना होती. अशा घरात वाढलेल्या मुलीच्या हाती चार-सहा वर्षांच्या वयातच गिटार आली. एवढीशी पोर गर्दीत दिसावी म्हणून तिला पियानोवर उभे करीत, असे सांगतात.

त्या काळी दक्षिणेतील दारिद्र्य आणि वर्णद्वेष यांना कंटाळून लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील शहरांची वाट धरीत होती. केटी बेलही मुलीला घेऊन शिकागोस आली. तेथील चाळिसाव्या रस्त्यावरील प्रार्थनामंदिरात मायलेकी गाऊ लागल्या आणि पुढे गावोगावच्या धर्मसभांतून हिंडू लागल्या. शिकागोत रोझेटाच्या कानावर आणखी एक संगीत पडत होते. ते म्हणजे मद्यालयांतून आणि रस्त्यांच्या कडेला गायिले जाणारे ब्लूज, विरहाचे, भुकेचे आणि वासनेचे गाणे. धर्मशील माणसे त्याला सैतानाचे संगीत म्हणत. वास्तविक दोहोंचे सूर एकाच मातीतून उगवलेले होते. आधुनिक गॉस्पेल गीतांचा जनक म्हणून ज्याचा गौरव होतो, तो थॉमस डॉर्सी हा पूर्वाश्रमीचा ब्लूजचा पियानोवादक, यातच सर्व काही आले. पण समाजाने दोहोंमध्ये एक रेघ ओढलेली होती. जो रेघेच्या अलीकडे आला त्याने मागे वळून पाहू नये, असा दंडक होता. डॉर्सीने तो पाळला. रोझेटाने पाळला नाही.

१९३४ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिने थॉमस थॉर्प नावाच्या एका धर्मोपदेशकाशी विवाह केला. संसार टिकला नाही; त्याच्या आडनावाचे 'थार्प' हे बदललेले रूप मात्र तिने आयुष्यभर बाळगले. १९३८ मध्ये ती न्यूयॉर्कला आली, आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तिच्या आयुष्याला कलाटणी देणाऱ्या तीन घटना अवघ्या तीन महिन्यांत घडल्या.

पहिली घटना कॉटन क्लबची. हा नाइट क्लब मूळचा हार्लेम वस्तीतला. १९३६ मध्ये तो ब्रॉडवेवर आला होता. रंगमंचावर कृष्णवर्णीय कलावंत आणि मेजांभोवती मद्याचे पेले घेऊन बसलेले गोरे धनिक, अशी तेथील व्यवस्था. कॅब कॅलोवे याच्या वाद्यवृंदाबरोबर तेथे ऑक्टोबर १९३८ मध्ये रोझेटा उभी राहिली. दुसरी घटना ३१ ऑक्टोबरची. त्या दिवशी तिने डेक्का कंपनीसाठी चार गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांतील 'रॉक मी' हे गाणे मूळचे डॉर्सीचे. देवाने आपल्या लेकराला कुशीत घ्यावे, अशी त्यातली विनवणी. तीच विनवणी ठेक्यावर झुलणाऱ्या तरुण स्त्रीच्या कंठातून नाइट क्लबात उमटली, तेव्हा ऐकणाऱ्यांनी तिचा अर्थ ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे घेतला. तिसरी घटना २३ डिसेंबरची. जॉन हॅमंड या संगीतप्रेमी निर्मात्याने कार्नेगी हॉल या विख्यात सभागृहात कृष्णवर्णीयांच्या संगीताचा प्रार्थनागीतांपासून स्विंगपर्यंतचा प्रवास दाखविणारी एक मैफल घडवून आणली. तीत आल्बर्ट अॅमन्स याच्या पियानोच्या साथीने रोझेटा गायिली. वर्षाच्या आरंभी धर्मसभांतून फिरणारी बाई वर्षाच्या अखेरीस महानगरातील बोलबाल्याचा विषय होऊन बसली.

या घटनेने धर्मशील समाजात किती खळबळ उडाली असेल, याची आपल्याला कल्पना करता येईल. आपल्याकडे एखाद्या कीर्तनकार बाईने कपाळीचा बुक्का न पुसता तमाशाच्या बोर्डावर उभे राहावे आणि ढोलकीच्या साथीने अभंग गावा, तशातलाच हा प्रकार होता. ज्या मंडळींनी तिला लहानपणापासून ऐकले होते, त्यांना वाटले, पोरीने देवाची विक्री मांडली. नाइट क्लबातील गिऱ्हाइकांना तिचे गाणे म्हणजे एक नवलाची चीज वाटे. रोझेटाने मात्र दोहोंपैकी एकाचीही निवड करण्याचे नाकारले. क्लबात ती गाई आणि प्रार्थनामंदिरातही गाई. आपल्या नावामागची 'सिस्टर' ही धर्मभगिनीची उपाधी तिने रंगमंचावरही सोडली नाही. देवाचे गाणे कोठेही गायिले तरी ते देवाचेच, असा तिचा भाव असावा, असे तिच्या आचरणावरून दिसते.

तरीही ही वाट सरळ नव्हती. १९४१ मध्ये ती लकी मिलिंडर याच्या वाद्यवृंदात दाखल झाली. तेथे भक्तिगीतांबरोबर नृत्यशाळेला साजतील अशी गाणीही गाणे भाग पडले. उंच, सडपातळ प्रियकर हवा अशा आशयाचे एक चटकदार गीत तिच्या आवाजात त्या काळी गाजले. जिने बालपण उपदेशकांच्या संगतीत घालविले, तिला अशी गाणी मनापासून रुचली नाहीत. १९४३ च्या सुमारास ती या वाद्यवृंदातून बाहेर पडली आणि पुन्हा मुख्यतः भक्तिगीतांकडे वळली. रंगशाळेत मिळविलेली एक गोष्ट मात्र तिने बरोबर आणली. ती म्हणजे विजेची गिटार.

या वाद्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. साध्या गिटारचा आवाज मुळात नाजूक. कर्णे आणि सॅक्सोफोन यांच्या घोषात तिचे बोल बुडून जात. म्हणून मोठ्या वाद्यवृंदात गिटारवादकाने मागे बसून नुसता ठेका धरावा, अशी रीत होती. १९३० नंतरच्या दशकात गिटारच्या तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे बसविण्याची युक्ती निघाली. पोलादी तार कंप पावली की त्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो ध्वनिवर्धकातून वाढवून कर्ण्यातून बाहेर काढावयाचा. त्यायोगे गिटारच्या एकेका तारेवरील एकेक सूर स्वतंत्रपणे, पितळी वाद्यांच्या बरोबरीने ऐकू जाऊ लागला. मागे बसणारे वाद्य पुढे आले.

रोझेटाने या संधीचे सोने केले. ती तारा वेगळ्या पद्धतीने जुळवून घेई, बोटांनी छेडी, आणि गाण्याची एक ओळ संपली की दुसरी ओळ जणू गिटारकडून वदवून घेई. गायिकेने साद घालावी आणि वाद्याने प्रतिसाद द्यावा, ही प्रार्थनामंदिरातील उपदेशक व भाविक यांची जुनी रीत. ती तिने एकटीच्या दोन हातांत व एका कंठात आणली. गिटार वाजविणाऱ्या स्त्रिया तिच्या काळी नव्हत्या, असे नाही. मेम्फिस मिनी ही ब्लूज गायिका शिकागोत विजेच्या गिटारवर गाजत होती, आणि ग्रामीण गोऱ्या समाजात मेबेल कार्टर हिचे वादन आदर्श मानले जाई. परंतु भक्तिगीताच्या गाभ्यात ही कडकडणारी गिटार आणून बसविणे, हे रोझेटाचे स्वतःचे कार्य. ही पुरुषासारखी वाजविते, असे लोक कौतुकाने म्हणत. त्या कौतुकातच तिला किती जुन्या समजुतींशी झगडावे लागले, हे दिसून येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैनिकांसाठी खास तबकड्या काढण्यात येत. त्यांसाठी निवडलेल्या अगदी मोजक्या गॉस्पेल कलावंतांत रोझेटा होती. १९४४ मध्ये पियानोवादक सॅमी प्राइस याच्या साथीने तिने 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' हे गीत ध्वनिमुद्रित केले. वरवर हे भक्तिगीत. परंतु त्यातला पियानोचा धावता ठेका, गिटारचे झटके आणि गायिकेच्या स्वरातील मिस्कील छटा पाहता ते प्रार्थनामंदिराच्या भिंतींत मावणारे नव्हते. १९४५ मध्ये 'बिलबोर्ड' या व्यावसायिक साप्ताहिकाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. भक्तिगीताने अशा बाजारी यादीत एवढी मजल मारणे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. रॉक अँड रोलची पहिली तबकडी कोणती, या वादात हिचे नाव आजही हिरिरीने पुढे केले जाते.

पुढे १९४६ च्या सुमारास मेरी नाइट ही तरुण गायिका तिला भेटली. एकीचा स्वर उंच व तेजस्वी, दुसरीचा भारदस्त. दोघींनी मिळून देशभर दौरे केले. पुरुष व्यवस्थापकांच्या जगात दोन कृष्णवर्णीय स्त्रिया स्वतःच्या नावावर कार्यक्रम भरवीत फिरत, ही गोष्ट लहान नव्हती. दक्षिणेतील राज्यांत तर ज्या गावी हजारो लोक टाळ्या वाजवीत, त्याच गावी त्यांना उतरावयास खोली मिळत नसे व उपाहारगृहात पाऊल टाकता येत नसे. म्हणून रोझेटाने निजावयाची सोय असलेली मोटारबस बाळगली होती. जॉर्डनेअर्स हा गोऱ्या गायकांचा संच काही काळ तिच्याबरोबर फिरत असे. हे गायक उपाहारगृहात जाऊन तिच्यासाठी जेवण घेऊन येत. हाच संच पुढे एल्विस प्रेस्लीच्या मागे साथीला उभा राहिला. वारसा कोणत्या वाटांनी वाहत गेला, याचे हे एक उदाहरण.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १९४७ मध्ये जॉर्जिया राज्यातील मेकन गावी तिचा कार्यक्रम होता. सभागृहात शीतपेये विकणारा चौदा वर्षांचा एक मुलगा तिचीच गाणी गुणगुणत होता. रोझेटाने ते ऐकले, त्याला रंगमंचावर बोलावून गावयास लाविले आणि वर पैसेही दिले. तो मुलगा म्हणजेच पुढचा लिटल रिचर्ड. त्या रात्रीच्या अनुभवाने आपल्या आयुष्याची दिशा ठरली, हे त्याने पुढे कृतज्ञतेने सांगितले. गोऱ्या समाजातील विख्यात गायक जॉनी कॅश यानेही १९९२ मध्ये स्वतःच्या सन्मानप्रसंगी रोझेटाच्या ऋणाचा उच्चार केला.

तिच्या लोकप्रियतेचा कळस झाला तो ३ जुलै १९५१ रोजी. वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये, जेथे एरवी बेसबॉलचे सामने होत, तेथे तिचा रसेल मॉरिसन याच्याशी विवाह लागला. हा तिचा तिसरा विवाह. कार्यक्रमाचा करार आधी झाला आणि वर नंतर ठरला, असे तिच्या चरित्रात नमूद आहे! विवाहविधी झाल्यावर वधूने वधूवेषातच गिटार हाती घेऊन मैफल केली. शेवटी आतषबाजी झाली. डेक्का कंपनीने विवाहासह सारा सोहळा ध्वनिमुद्रित केला. आज आपल्याला हा प्रकार चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या नगरीत कृष्णवर्णीयांना अनेक दारे बंद होती, त्या राजधानीत आपल्यातील एका स्त्रीचे लग्न राणीच्या थाटाने साजरे होताना पाहण्यासाठी लोक लोटले, यात केवळ तमाशाची हौस नव्हती.

यानंतर मात्र ओहोटी लागली. १९५३ च्या सुमारास रोझेटा व मेरी यांनी उघडउघड ब्लूजची गाणी ध्वनिमुद्रित केली आणि भाविक श्रोता दुरावला. त्याच वर्षांत महालिया जॅक्सन या थोर गायिकेची कीर्ती वाढत होती. महालियाने नाइट क्लबात गाण्याचे कटाक्षाने नाकारले होते. तिचे सोवळे शाबूत होते. म्हणून प्रार्थनामंदिराने तिला आपली म्हटले, आणि पुढे १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या व्यासपीठावरही तिचा स्वर निनादला. महालियाच्या थोरवीला यात कोठेही उणेपणा नाही. परंतु रेघेच्या एका बाजूला ठाम उभे राहणाऱ्याला घर मिळते, आणि उंबरठ्यावर उभे राहणाऱ्याला दोन्ही घरे परके मानतात, हा जगाचा न्याय येथे स्पष्ट दिसतो. दुसऱ्या बाजूने, तिने घडविलेली शैली उचलून तरुण पुरुष गायक रॉक अँड रोलच्या नावाने धन व कीर्ती मिळवू लागले. चाळिशी गाठलेली, देवाची गाणी गाणारी कृष्णवर्णीय स्त्री त्या बाजाराच्या चौकटीत बसत नव्हती.

अशा वेळी तिला हात दिला तो सागरापलीकडच्या रसिकांनी. १९५७ मध्ये ख्रिस बार्बर याच्या वाद्यवृंदाबरोबर तिने इंग्लंडचा दौरा केला. पुढे ७ मे १९६४ रोजी मँचेस्टर येथे ग्रॅनाडा दूरचित्रवाणीने एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर कार्यक्रम योजिला. स्थानकाला अमेरिकेच्या दक्षिणेकडील एखाद्या खेड्याचे रूप दिले होते. एका फलाटावर तरुण श्रोते, समोरच्या फलाटावर मडी वॉटर्स आदी कलावंत, आणि मध्ये रुळांची दरी. तेवढ्यात पावसाची सर आली. रोझेटा घोडागाडीतून आली, ओल्या फलाटावर उतरली आणि तिने शुभ्र रंगाची विजेची गिटार खांद्यावर घेतली. पाऊस पाहून तिने ठरलेले गाणे बदलले व नोहाच्या प्रलयपर्जन्याचे गीत सुरू केले. ते चित्रण आज उपलब्ध आहे. एकोणपन्नास वर्षांची, कोट घातलेली ती बाई हसत हसत तारांतून जे सूर काढते, ते पाहिल्यावर ग्रंथांतील वादांची गरज उरत नाही.

१९६८ मध्ये तिची आई वारली. जिच्या हाताला धरून ती गाऊ लागली, तो आधार गेला. १९७० मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. मधुमेहामुळे एक पायही गमवावा लागला. तरी ती बसून गात राहिली. ९ ऑक्टोबर १९७३ रोजी, नवे ध्वनिमुद्रण ठरलेले असतानाच, फिलाडेल्फिया येथे तिचे निधन झाले.

त्यानंतरची कथा उपेक्षेची आणि उशिरा आलेल्या जागृतीची आहे. १९८६ मध्ये रॉक अँड रोलच्या मानकऱ्यांच्या दालनात पहिल्या दहा कलावंतांची नावे नोंदविण्यात आली. त्यांत लिटल रिचर्ड होता, एल्विस होता, चक बेरी होता. स्त्री एकही नव्हती. १९९८ मध्ये अमेरिकन टपाल खात्याने रोझेटाच्या चित्राचे तिकीट काढले. २००७ मध्ये गेल वॉल्ड या विदुषीने तिचे साधार चरित्र प्रसिद्ध केले, आणि त्यामुळे अनेकांचे डोळे उघडले. २००८ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याने ११ जानेवारी हा दिवस तिच्या नावाने जाहीर केला. त्याच सुमारास रसिकांनी कार्यक्रम करून निधी उभारला आणि तिच्या थडग्यावर अखेर दगड बसला. मानकऱ्यांच्या दालनात तिचे नाव लागले ते २०१८ मध्ये. मेकनच्या सभागृहात जिने त्या पोराला हात धरून रंगमंचावर चढविले, ती त्याच्या मागून बत्तीस वर्षांनी तेथे पोहोचली.

आता कौतुकाच्या भरात तिला रॉक अँड रोलची जननी म्हणण्याची प्रथा पडली आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे सबुरीने घ्यावे. कोणतीही संगीतपद्धती एका व्यक्तीच्या पोटी जन्मास येत नाही. बूगीवूगीचे पियानोवादक, लुई जॉर्डनसारखे विनोदी गायक, शेकडो अनामिक ब्लूजवाले, या सर्वांचा तिला हातभार आहे. रोझेटाला खोट्या मुकुटाची गरज नाही. तिचे खरे श्रेय पुरेसे मोठे आहे. देवळातला आवेश आणि रंगशाळेतला ठेका ही एकाच प्राणशक्तीची दोन रूपे आहेत, हे तिने वाद न घालता गिटार वाजवून दाखविले. आणि त्याची जी किंमत पडली, ती कुरकुर न करता मोजली.

आपण संगीताचा इतिहास लिहितो तो बहुधा कप्पे करून. हा कप्पा भक्तीचा, हा रंजनाचा. हा स्त्रियांचा, हा पुरुषांचा. कप्पे सोयीचे असतात यात शंका नाही. पण जे माणूस दोन कप्प्यांच्या मधल्या फळीवर उभे असते, ते या सोयीपायी नजरेआड होते. नॉर्थवुडमधील ती निनावी जागा पस्तीसएक वर्षे हेच सांगत होती. आता तेथे नाव कोरलेले आहे. ते वाचणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की, दगड बसण्यापूर्वीही ती येथेच होती, आणि तिचे सूर तर तिचे नाव ठाऊक नसलेल्या असंख्य वादकांच्या बोटांतून सर्व काळ वाजतच होते.